राजीनामा दिला, आता तक्रार करू का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच विषयाची निघाली, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली. पत्रं थोडी कापलीत आणि नावं काढलीत. ऑफिस कुठलं, साहेब कोण, असं विचारू नका, सांगणार नाही.

प्रश्न

ताई नमस्कार,

मागच्या आठवड्यात मी राजीनामा दिला. तीन वर्षं एका खासगी ऑफिसात होते, बिलं, एन्ट्री, फॉलोअप असलं काम. वेळ सकाळी नऊ ते सहा, पण ती फक्त कागदावर. सहा वाजले की सगळ्यांनी उठून मशीनला पंच आउट करायचं आणि परत जागेवर येऊन बसायचं. खरंच सांगते, रांग लागायची हो मशीनपाशी, अंगठा लावायचा, कोणीतरी काहीतरी जोक मारायचं, की परत खुर्चीवर. रेकॉर्डला आम्ही सहाला घरी गेलेलो, प्रत्यक्षात साडेआठ, आठवड्याचे सहा दिवस, आणि महिनाअखेरीला तर अकरा. ओव्हरटाइमचं विचारलं की उत्तर ठरलेलं, तुम्ही स्लो आहात म्हणून उशीर होतो. सकाळी दहा मिनिटं लेट झालं की मात्र अर्धा दिवस कट. जॉइन होताना ओरिजिनल सर्टिफिकेटं व्हेरिफिकेशनला म्हणून घेतली ती अजून त्यांच्या कपाटात आहेत. साहेब ओरडतात वगैरे असं काही नाही, उलट फार गोड बोलतात, आपण सगळे एक फॅमिली आहोत वगैरे. मध्यंतरी मला टेबलवरच चक्कर आली, दुसऱ्या दिवशी सुट्टी मागितली तर म्हणाले फॅमिलीत अडचणीच्या वेळी कोणी असं सोडून जातं का. तेव्हाच ठरवलं, बास.

आता नोटीस पिरियडचे अठरा दिवस उरलेत. भाऊ म्हणतो लेबर ऑफिसला तक्रार कर, सोडू नकोस त्यांना. आई म्हणते सुटलीस ना, मग आता गप्प बस. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, तू जाशील गं निघून आणि भोगू आम्ही. आणि माझ्या जागी एक मुलगी घेतलीये, फ्रेशर, तिला ट्रेनिंग मीच देतेय. परवा तिला पंचिंग मशीन दाखवत होते तर तिने विचारलं, सहाला पंच केलं की निघायचं ना? मी म्हणाले, बघ, इथे जरा वेगळं असतं. तेव्हापासून मला झोप नाही. तक्रार करू का? आणि केली नाही तर मीसुद्धा त्यांच्यातलीच झाले का?

– अठरा दिवसवाली

उत्तर

अगं, तुझ्या पत्रात दोन गोष्टींचा गुंता झालाय तो आधी सोडवू. नोकरी सोडणं हा एक निर्णय, तो तू घेतलास, संपलं. तक्रार हा दुसरा, आणि तो काही अठरा दिवसांत घ्यायलाच पाहिजे असं नाही. पण उद्या तक्रार करावीशी वाटली तर ती करता येईल इतका पुरावा जवळ असणं, त्याला मात्र अठराच दिवस आहेत. एकोणिसाव्या दिवशी तुझं लॉगिन बंद होईल, ग्रुपमधून काढतील, आणि मग तू कितीही खरं बोललीस तरी समोरचा शांतपणे हजेरीचा प्रिंटआउट काढून दाखवेल की बघा, मॅडम रोज सहाला जात होत्या. म्हणून भाऊ काय म्हणतो, आई काय म्हणते ते राहू दे बाजूला, आणि आज रात्रीपासून कागद गोळा करायला लाग.

तर मशीन खोटं बोलतंय, मग तुझे खरे तास कोण सांगणार? खूप जण सांगतील. सहानंतर तू पाठवलेल्या मेलवर वेळ आहे. सिस्टममध्ये मारलेल्या प्रत्येक एन्ट्रीवर तुझं नाव आणि वेळ आहे. ऑफिसच्या ग्रुपवर रात्री पावणेनऊला आलेला "ते स्टेटमेंट झालं का?" आणि त्याखाली तुझा "पाच मिनिटं सर" आहे. परतीच्या गाडीची तिकिटं किंवा पेमेंटचे मेसेज आहेत. आणि सगळ्यात साधी गोष्ट, घरी पाठवलेले "उशीर होईल, वाट बघू नका", असे तीन वर्षांत किती असतील, मोज एकदा. हे सगळं तारखेप्रमाणे लाव, ऑफिसच्या ग्रुपवरच्या तुझ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढताना वर तारीख दिसतेय ना बघ, आणि एक वही कर. वहीत रोज चार ओळी: आज पंच कितीला, प्रत्यक्ष निघाले कितीला, थांबायला कोणी सांगितलं, कोणत्या शब्दांत. मागचं जितकं आठवतंय तितकंही लिही, पण ते आठवणीतून लिहिलंय असं स्पष्ट लिहून, उगाच रोजच्या रोज लिहिल्याचा आव आणू नकोस, तिथे पकडलं जातं आणि मग खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

एक सावधगिरी मात्र. रागाच्या भरात कंपनीच्या फायली, क्लायंटची यादी, दुसऱ्यांच्या पगाराचे शीट असलं काहीही स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस. तुझं अपॉइंटमेंट लेटर, तुझ्या पेस्लिप, तुला आलेले मेसेज, तुझी नोंद, एवढंच. त्यापलीकडे गेलीस की विषय तुझ्या ओव्हरटाइमचा राहत नाही, तू डेटा चोरलास याचा होतो. हे मी होताना पाहिलंय.

आता सर्टिफिकेट. ती आधी. तक्रारीचा त शब्दही तोंडातून काढायच्या आधी. तोंडी मागू नकोस, साधा मेल टाक, गोडच लिही, तेही गोडच बोलतात ना: "माझी अमुक अमुक मूळ प्रमाणपत्रं जॉइनिंगच्या वेळी जमा केली होती, शेवटच्या दिवसाआधी परत मिळावीत, कधी येऊन घेऊ ते कळवावे." बास. यादी पूर्ण लिही, क्रमांकासकट. याने एक तर ती मिळतील, नाहीतर ती त्यांच्याकडे आहेत हे तरी कागदावर येईल. कंपनी पॉलिसी आहे म्हणून कोणी हसत सांगितलं तर एवढं लक्षात असू दे की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीची मजुरी ओळखायच्या ११ खुणा दिल्यात, त्यात ओळखपत्रं आणि माणसाच्या मौल्यवान वस्तू मालकाने अडकवून ठेवणं ही एक आहे, पगार रोखणं ही दुसरी आणि बेसुमार ओव्हरटाइम ही आणखी एक. एखादी खूण दिसली म्हणजे तुझं ऑफिस वेठबिगारीचा अड्डा ठरत नाही, पण ज्याला ते पॉलिसी म्हणतायत ती गोष्ट कुठल्या यादीत बसते ते कळलं की आपली मान जरा वर होते.

राजीनाम्यात काय लिहिलंस? "वैयक्तिक कारणांमुळे" लिहिलं असशील, सगळेच लिहितात, नेटवरचा नमुनाच तसा असतो. पण बऱ्याच देशांत असं मानतात की परिस्थिती इतकी वाईट होती की माणसाला सोडण्यावाचून पर्याय नव्हता तर तो राजीनामा नसून काढून टाकल्यासारखंच आहे, आणि तिथे हे दोन शब्द आडवे येतात. म्हणून सर्टिफिकेट हातात आली की शेवटच्या दिवसाआधी दोन ओळींचा मेल कर: रोज सहाला पंच आउट करून नंतर काम करावं लागत होतं, त्याचा मोबदला मिळाला नाही, तब्येतीवर परिणाम झाला, हेही सोडण्यामागचं कारण आहे. शिव्या नकोत, विशेषणं नकोत, नुसतं काय होत होतं ते.

आणि शेवटच्या दिवशी एक फॉर्म पुढे येईल. मी या कॉलमच्या आधी बरीच वर्षं पगाराच्या टेबलवर काम केलंय, असे फॉर्म मी स्वतः लोकांपुढे सरकवलेत, तेव्हा मला माहितीय ते कसं चालतं. चार वाजता बोलावतात, सगळे निरोपाच्या मूडमध्ये असतात, पेन आधीच टोपण काढून ठेवलेलं असतं, आणि दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात असतं की मला सर्व देणी मिळाली असून कंपनीबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. पैसे त्या वेळी एक रुपया आलेला नसतो. मी कधीच कोणाला म्हणाले नाही की वाचून सही करा. तुला म्हणते. पैसे आले नसतील तर सहीजवळ तारखेसकट लिही, रक्कम अद्याप मिळालेली नाही. ते नको म्हणाले तर म्हण घरी नेऊन वाचते. आणि प्रत घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही.

हे सगळं झालं की मग तक्रार. इथे स्वतःला एक विचार, की तुला नक्की काय हवंय? थकलेले पैसे हवेत, की हे थांबायला हवंय, की कोणीतरी एकदा तुझं ऐकून घ्यायला हवंय? तिन्हीचे दरवाजे वेगळे आहेत आणि लोक चुकीच्या दारावर डोकं आपटत बसतात. पैसे हवे असतील तर तो दावा नाव घालूनच करावा लागतो, त्यात लपून राहता येत नाही, कारण पैसे कोणाला द्यायचे ते लिहावं लागतं. मिळायची शक्यता असते, वेळ लागतो, तारखा पडतात, मध्येच ते तडजोडीला येतात. नोकरी संपल्यावर सगळी देणी कायद्याने ठरलेल्या किंवा वाजवी मुदतीत चुकती करावीत हे त्याच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९च्या वेतनसंरक्षणाच्या करारात आहे, पगारातून वाटेल तशी कपात करता येत नाही हेही त्यातच आहे, म्हणजे दहा मिनिटांसाठी अर्धा दिवस कापतात तो प्रकारही विचारण्यासारखा आहे. तुझ्या इथला कायदा काय म्हणतो ते लेबर ऑफिसात किंवा कामगारांचं काम करणाऱ्या वकिलाकडे एकदा विचार, आणि मुदतही विचार. मुदतीत लोक फार फसतात. अमेरिकेत सुरक्षिततेबद्दल बोलल्यामुळे मालकाने सूड उगवला तर कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याकडे जायला जेमतेम ३० दिवस असतात, आणि बुडालेल्या पगाराच्या दाव्याला साधारण २ वर्षं. देश एकच, नोकरी एकच, तरी एवढा फरक.

हे थांबायला हवं असेल तर निरीक्षकाकडे तक्रार. लेबर इन्स्पेक्शनबद्दलचा १९४७चा आंतरराष्ट्रीय करार स्पष्ट सांगतो की तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने पूर्ण गुप्त ठेवायचं, एवढंच काय, आपण तक्रारीवरून आलोय हेही मालकाला कळू द्यायचं नाही. कागदावर उत्तम. पण तुमचं ऑफिस किती माणसांचं? पंधरा-वीस असतील तर तू गेल्यावर आठवड्याभरात कोणी तपासायला आलं तर नाव सांगायची गरजच नाही, सगळे तुझंच घेतील. ते चालणार असेल तरच कर, किंवा दोन-तीन महिने जाऊ दे, तोवर नवीन ठिकाणी स्थिर हो. आणि तक्रारीत एक वाक्य नक्की टाक, की हजेरी पुस्तक पाहू नका, सहानंतरच्या सिस्टम एन्ट्री पाहा. कारण निरीक्षक आला की पहिलं मागणार मस्टर, आणि तुमचं मस्टर तर एकदम स्वच्छ आहे.

नुसतं ऐकून घ्यायला हवं असेल तर एचआर एक्झिट इंटरव्ह्यू नावाचा प्रकार करतात. माझं त्याबद्दल मत वाईट आहे. तिथे मन मोकळं करून आलेली माणसं मी पाहिलीत, हलकी होऊन जातात बिचारी, आणि तो फॉर्म जातो त्याच साहेबांच्या ड्रॉवरमध्ये.

मला विचारशील तर मी तक्रार करेन. कारण उशिरा थांबवणं एक वेळ गडबडीत होतं, माणसं कमी पडतात, काम अंगावर येतं, पण वीस माणसांना रांगेत उभं करून खोटा अंगठा लावायला लावणं हे चुकून होत नाही, त्यांना नियम माहितीय म्हणूनच ती रांग आहे. तुझे तास मी मोजले, जेवणाचा तास सोडून आठवड्याला साधारण ६३ होतात. १९१९ साली, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अगदी पहिला करार झाला तो कारखान्यांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांचा होता. आणि ती चक्कर तू एका वाक्यात उरकलीस, मी नाही उरकणार. जागतिक आरोग्य संघटना आणि कामगार संघटनेने मिळून २०२१ मध्ये जो अभ्यास छापला त्यात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त निघाला. डॉक्टरकडे जाऊन ये, आणि तिथला कागदही त्याच फाइलमध्ये ठेव.

पण हे माझं झालं. तू नाही केलीस तर तू त्यांच्यातली होत नाहीस, ती रांग तू लावलेली नाहीस. मैत्रीण म्हणते भोगू आम्ही, तिचंही खोटं नाही. तिला "करू का" असं विचारू नकोस, ती नाहीच म्हणणार. असं विचार की मी केली तर तुझ्यावर काय येईल आणि मी कुठली गोष्ट लिहिली की ती तुझ्याकडून आली असं वाटेल. ती बरोबर सांगेल, आणि तेवढं गाळ.

राहिली ती नवीन मुलगी. तिने तुला सरळ प्रश्न विचारला होता आणि तिचं उत्तर अजून तुझ्याकडे बाकी आहे. उद्या चहाला बाहेर घेऊन जा आणि सांग, इथे पंचनंतर थांबवतात, त्याचे पैसे देत नाहीत, ओरिजिनल सर्टिफिकेट अजून दिली नसतील तर देऊ नकोस, झेरॉक्स दे. एवढ्याला ना लेबर ऑफिस लागतं ना वकील.

प्रश्न

मी एका गोदामात पॅकिंगला होतो, पंधरा दिवसांपूर्वी सोडलं. माझा पूर्ण हिशोब मिळाला, कोणाशी भांडण नाही. पण तिथे मागचा दरवाजा रात्री कुलूप लावून बंद ठेवतात, माल चोरीला जातो म्हणून, आणि आतून दाराला लागून पुठ्ठ्याची थप्पी छतापर्यंत. चावी सुपरवायझरकडे, तो कधी कधी बाराच्या पुढे नसतोच. मी एकदा बोललो होतो, म्हणाले तुझं काम कर. आता मी बाहेर आहे, माझं काही अडकलेलं नाही, मग मी का पडू त्यात? बायको म्हणते आपला काय संबंध. पण डोक्यातून जात नाही.

– पॅकिंगवाला

उत्तर

दादा, वरच्या ताईला मी म्हणाले दोन महिने थांब, विचार कर. तुम्हाला नाही म्हणत. तुम्ही आजच सांगा.

पगार बुडाला तर तो सहा महिन्यांनी मिळू शकतो. बंद दाराचं तसं नसतं. १९११ साली २५ मार्चला न्यूयॉर्कमध्ये ट्रायँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली, त्यात १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली, आणि जिन्याकडचा एक दरवाजा कुलूपबंद होता. कारणही तुमच्या सुपरवायझरचंच सांगितलं गेलं, माल चोरीला जाईल. दुसरी गोष्ट अलीकडची आहे, बांगलादेशातल्या राणा प्लाझाची. इमारतीला तडे गेलेले आदल्या दिवशी सगळ्यांनी पाहिले, त्याच इमारतीतल्या बँकेने आपली माणसं काढून घेतली, आणि वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना दुसऱ्या दिवशी सकाळी, २४ एप्रिल २०१३ला, कामावर बोलावलं. ११०० पेक्षा जास्त माणसं त्या ढिगाऱ्यात गेली. तडे दिसत होते हो, सगळ्यांना दिसत होते.

आणि तुमच्याकडे एक सोय आहे जी पगाराच्या तक्रारीत नसते, इथे तुमच्या शब्दावर कोणाला विश्वास ठेवावा लागत नाही. कुलूप आहे की नाही ते जाऊन बघितलं की दिसतं. त्यामुळे निनावी कळवलं तरी चालतं. फक्त मोघम लिहू नका. "सुरक्षा नाही" असं लिहिलं की तो कागद खालीच राहतो. गोदामाचा पत्ता, कोणत्या बाजूचा दरवाजा, किती वाजता कुलूप लागतं, रात्रपाळीला आत साधारण किती माणसं असतात, चावी कोणाकडे, पुठ्ठा कुठपर्यंत रचलाय, एवढं लिहा. दुपारी तपासणी झाली तर दार उघडंच दिसेल म्हणून रात्री या असंही लिहा. आणि हे एकट्या लेबर ऑफिसला नका पाठवू, अग्निशमन दलालाही द्या, अशा बाबतीत ते जास्त लवकर हलतात असा माझा समज आहे.

वहिनींना सांगा, संबंध आहे. तुम्ही तिथे काम केलंय, आत कोण कोण असतं ते तुम्हाला नावानिशी माहितीय.

प्रश्न

ताई, माझी बाजू जरा उलटी आहे. आमच्यातली एक जण सोडून गेली आणि आता तिने मालकाविरुद्ध तक्रार टाकलीये, ओव्हरटाइमची. ती म्हणते तू साक्ष दे, तुला सगळं माहितीय. माहितीय खरं. पण मी अजून तिथेच आहे, घरात कमावणारी मी एकटी. तिने एक कागद पाठवलाय सही करायला, त्यात माझ्या नावाने चार पानं लिहिलीयेत, त्यातल्या निम्म्या गोष्टी मी पाहिलेल्या नाहीत, ऐकलेल्या आहेत. नाही म्हटलं तर मैत्री तुटेल.

– मधल्यामध्ये

उत्तर

त्या चार पानांवर सही करू नकोस. हे पहिलं आणि पक्कं. मैत्री बाजूला ठेव, पण जे तू डोळ्यांनी पाहिलं नाहीस ते पाहिलं म्हणून लिहिलंस तर समोरचा वकील एकच ओळ पकडेल आणि मग तू खरं पाहिलेलंही वाया जाईल, तिची केससुद्धा त्यातच बुडेल. हे तिलाही सांग, ती रागात असेल तरी हे तिच्या फायद्याचं आहे.

साक्ष द्यायची की नाही ते वेगळं. तक्रार केली किंवा तक्रारीच्या चौकशीत भाग घेतला एवढ्यावरून कोणाला कामावरून काढता येणार नाही असं नोकरी संपवण्याबद्दलचा १९८२चा आंतरराष्ट्रीय करार म्हणतो, म्हणजे साक्षीदारही त्यात आला. पण बऱ्याच देशांनी तो करार मान्य केलेला नाही, शिवाय काढत नाहीतच हो हल्ली, शिफ्ट बदलतात, बसायची जागा बदलतात, चुका मोजायला लागतात. तेव्हा घर तुझ्यावर आहे हे कारण लहान नाही आणि त्याची लाज वाटून घेऊ नकोस. तिला स्पष्ट सांग की मी स्वतःहून पुढे येणार नाही, पण चौकशीला अधिकाऱ्याने बोलावून विचारलं तर खोटं बोलणार नाही. यात दोघींचं राहतं. मात्र हे तोंडदेखलं बोलू नकोस, खरंच बोलावलं तर मग "मला आठवत नाही" चालणार नाही.

आणि एक विचारून बघ, तुझ्यासारख्या किती जणी आहेत तिथे? एकटीची साक्ष म्हणजे एकटीचं डोकं दिसतं. दहा जणींनी मिळून एका पानावर तीन ओळी लिहिल्या तर कोणाची शिफ्ट बदलणार? ही काही माझी आयडिया नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचं निवेदन फॅक्टरी कमिशनकडे दिलं ते साडेपाच हजार सह्यांचं होतं, आणि मागण्या बघितल्यास तर गंमत वाटेल: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास, आणि पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं, सहा वर्षं गेली. पण साडेपाच हजारांतला एक कोण होता हे कोणाला शोधून काढता आलं असतं?

प्रश्न

तक्रार वगैरे भानगडीत मला पडायचं नाही. मी सरळ ऑनलाइन वन स्टार देऊन मॅनेजरचं नाव घेऊन सगळं लिहिणार आहे. चालेल ना?

– वैतागलेला

उत्तर

रात्री लिहू नका. लिहा, पण पोस्ट सकाळी करा.

गंमत सोडा, रिव्ह्यू वाचून माणसं नोकरी नाकारतात हे खरंय, त्याचा उपयोग आहे. पण मॅनेजरचं नाव आणि त्याला दिलेली विशेषणं काढून टाका, बदनामीची नोटीस आली तर विशेषण सिद्ध करता येत नाही. "दोन महिन्यांचा पगार राहिल्यावर पाच महिन्यांनी मिळाला" हे सिद्ध करता येतं, बँक स्टेटमेंट आहे तुमच्याकडे. "चोर आहेत साले" याचं स्टेटमेंट बँक देत नाही. जॉइनिंगला तुम्ही सही केलेल्या कागदात कंपनीबद्दल बाहेर बोलायचं नाही असं काही कलम आहे का तेही बघून घ्या. आणि तुमचे काही पैसे, लेटर, पीएफसारखं काही अजून त्यांच्याकडे अडकलं असेल तर ते हातात येईपर्यंत ड्राफ्टमध्येच राहू दे. एक स्टार कुठे पळून जात नाही.